खुर्चीचे पुढचे पाय

फुलसावंगी, श्रावण वद्य सप्तमी, सायंकाळ

नाल्याचे पाणी आज पुन्हा पायरीला लागून ओसरले. पत्नीचे उजवे अंग लुळे पडल्यापासून पाऊस वाढला की माझे चित्त जपातही स्थिर राहत नाही. घरात आम्ही दोघेच. पाणी आत आले तर हिला बाहेर कसे न्यावे? ते शिकविणारे कोणी सापडावे म्हणून मोबाईलसमोर स्वच्छ उच्चारात म्हणालो, "जलप्रलयी रुग्णरक्षणाचा उपाय." त्याने मत्स्यावताराची प्रवचने काढून दिली.

ही खाटेवरून म्हणाली, "अहो, तुमची पोथीची भाषा त्याले काय समजते? पूर म्हणा, पूर."

पूर म्हणालो. मग बॅटऱ्या, शिट्ट्या, पाठीवरच्या पिशव्या दाखविणारे कितीतरी चॅनेल निघाले. सारे चालत्या माणसासाठी. अखेर एक खरोखर उपयोगी मिळाला. रुग्णास खुर्चीत बसवून चादरीने बांधावे. एकाने मागून पाठ धरावी, दुसऱ्याने खुर्चीचे पुढचे पाय. किती सोपे. पण दुसरा कोण? पुनःपुन्हा पाहिले, प्रत्येक वेळी माणसे दोनच लागली.

रिकामी खुर्ची एकट्याने उचलून पाहिली. उंबरठ्यापाशीच टेकवावी लागली.

"राहू द्या," ही हसली, "तुम्ही आधी देव्हाराच उचलसान, मले माहीत हाय."

खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली. हाकेसरशी धावून येणाऱ्या भगवंताच्या कथा जन्मभर सांगितल्या. आज संध्येला बसलो तेव्हा एकच मागणे ओठांवर आले: देवा, पुढचे पाय तेवढे धरशील का?