आईची गोळी

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर आईचं विसरणं वाढलं, म्हणून तिला नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशी आपला कचरा आपणच साफ करतात. आईंचं ते काम मंदावलंय. या गोळीने त्याला जोर येईल."

आई हसली. "म्हणजे डोक्यात झाडलोटीला बाई ठेवली म्हणा."

गोळी लागू पडली, बाबा. आजार बरा नाही झाला, पण आहे तिथेच थबकला. डॉक्टरीणबाई खूश आहेत. इथे मात्र आई रोज सकाळी तुमचा चहा ओतते, तुम्हाला हाक मारते, आणि मी खरं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. खोटं बोलून पाहिलं, तर माझ्या चेहऱ्यावरून ओळखते.

काल ती शांत झाल्यावर मी विचारलं, "आई, गोळी बंद करूया का? हळूहळू सगळंच विसरशील, त्रास तरी संपेल."

तिने आपलं शिवणयंत्र पुसून घेतलं. मग म्हणाली, "नको गं. ते गेल्याचं विसरते, तेवढं पुरे. ते होते, हे नाही विसरायचं मला."

आज सकाळी तिला पुन्हा सांगितलं. रडून झाल्यावर गोळी दिली.

तुमची,
धाकटी