राखीव गोलकीपरची आई

३ जून, सकाळ
हॉकीचा वर्ल्ड कप आजपासून. आपल्या संघात दोन गोलकीपर, त्यातली एक माझी लेक. तिला 'राखीव' म्हणायचं नाही असं मी ठरवलंय. नवऱ्याला फोनवर स्पष्ट सांगितलं, या वेळी मी कशातही लुडबूड करणार नाही. तो बराच वेळ गप्प होता. नेटवर्क नसावं.

संध्याकाळ
जिंकलो. लेक बाकावर. पहिल्या मॅचला अनुभवी मुलीला उतरवतात, हे मला समजतं. ती उंच आहे. उंची म्हणजे सगळं नव्हे, एवढंच कोचबाईंना जाता जाता म्हणाले. जाता जाता म्हणजे त्या बसमध्ये चढत होत्या आणि मी दारात उभी होते.

५ जून
हरलो. उंचीने दोन गोल खाल्ले. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवून पायाला सवय लागलीय, धोका दिसला की आपोआप ब्रेक दाबला जातो. पुढच्या खुर्चीतले गृहस्थ वळून म्हणाले, बाई, लाथा मारू नका. लेक बाकावर. मध्यंतरात सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होती. किती पटापट देते. हात बघावेत तिचे. कोचबाई बघत नव्हत्या.

६ जून
सराव बघायला परवानगी आहे. गोलच्या समोर बसून लेकीला खुणा केल्या. उजवा हात वर, म्हणजे उजवीकडे सरक. स्कार्फ हलवला, म्हणजे पुढे ये. तिची उजवी माझी डावी होते, हे जरा उशिरा लक्षात आलं. ती माझ्याकडे बघत असतानाच चेंडू हेल्मेटवर बसला. चेंडू कोण कसा मारतंय, याकडे कोचबाईंचं लक्षच नसतं.

लेक नंतर म्हणाली, उद्यापासून लांब बसशील का? मी म्हटलं, लांबून खुणा दिसणार नाहीत गं. ती पॅड सोडायला लागली. समजूतदार आहे पोर.

८ जून
लिहायची इच्छा नाही, तरी लिहिते. क्वार्टर फायनल. बरोबरी, मग शूटआउट. यात समोरची एकेक खेळाडू चेंडू घेऊन एकटी गोलकीपरवर चालून येते. असल्या झटापटीत माझी लेक वाघीण आहे आणि तेवढ्यासाठी गोलकीपर बदलता येते. ती पॅड बांधून तयार. कोचबाई वाकून तिच्याशी बोलल्या. मी धावत गोलच्या मागे जागा पकडली, स्कार्फ काढला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. गोलमध्ये उंचीच राहिली. हरलो.

कोचबाईंना गाठलंच. माझ्या मुलीचं नुकसान केलंत, म्हणाले. त्या म्हणाल्या, मी तिलाच उतरवत होते, तीच नको म्हणाली. मी म्हटलं, शक्यच नाही. त्या लेकीचं हेल्मेट काखेत मारून निघून गेल्या. उर्मट बाई.

९ जून
नाश्त्याला लेकीला विचारलं. ती चमचा कपात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, तू मागे उभी असलीस की मला चेंडू दिसत नाही. तूच दिसतेस."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, हं. नेटवर्क चांगलं होतं.

१० जून
सातव्या नंबरसाठी मॅच. लेक सुरुवातीपासून खेळतेय. मी आत गेले नाही. बाहेर, संघाच्या बसपाशी बसले. ड्रायव्हरने विचारलं, तिकीट मिळालं नाही का? आहे, म्हटलं. मधेच आत मोठा आरडाओरडा झाला. अडवला की खाल्ला, कळेना. ड्रायव्हर फाटकापर्यंत जाऊन बघून आला. म्हणाला, आपल्या गोलकीपरने मस्त अडवला.

कुठल्या बाजूला झेपावली, विचारलं. तो म्हणाला, आत जाऊन बघा की.

"नको. मी नसले की ती चांगली खेळते."

पहिल्यांदाच मोठ्याने म्हणून बघितलं. त्याने बरं म्हणून मान डोलावली आणि डबा उघडला.