हलगी लावून दुसऱ्यांदा कॉलेजात

आबा, आज नातू माझ्याजवळ येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, डिग्री झाली, पण धड नोकरी मिळत नाही, पुन्हा कॉलेजात जावं म्हणतो. पण लोक काय म्हणतील? मी इतका हसलो की सून पदराला हात पुसत बाहेर आली. त्या दोघांना काय सांगणार? मला तुम्ही दिसत होतात, आपल्या मिरजगावच्या रस्त्यावर, पटक्याचा शेमला उडवत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्यापेक्षा मीच म्हातारा आहे. तरी तुमची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

मी बी.ए. झालो तेव्हा, आपला पोरगा शिकला म्हणून, तुम्ही बैलांची शिंगं रंगवून मला गाडीतून गावभर मिरवलंत. जर्मनच्या लढाईमुळे साखर मिळत नव्हती, म्हणून घरोघर गूळ वाटलात. आणि त्यानंतर हा मिरवलेला बी.ए. कर्जतच्या कचेरीत उमेदवार म्हणून लागला. उमेदवार म्हणजे जागा निघेपर्यंत बिनपगारी राबणारा कारकून. घरी मात्र मी कारकून झालो असं ठोकून दिलं होतं. पगाराचं विचारलंत की लढाईवर ढकलायचो. दिवसभर रेशनच्या याद्या उतरवायच्या आणि हेडक्लार्क भाऊसाहेबांनी "अहो बी.ए., माठ रिकामा झालाय" म्हटलं की उठायचं. असं दीड वर्ष काढलं.

एके दिवशी तुम्ही रॉकेलच्या परवान्यासाठी कचेरीत आलात. मी घागर घेऊन आत शिरतोय आणि रांगेत तुम्ही उभे. तुम्ही आधी परवान्याचं काम उरकलंत. दुपारच्या सुट्टीत बाहेर लिंबाखाली भाकरी सोडलीत, माझ्या हातावर ठेचा ठेवलात आणि विचारलंत, "कायम कवा करत्यात?"

"जागा निघाली की."

"आन् ती कवा निघंल?"

"कुणी रिटायर झालं, नाहीतर... मेलं तर."

तुम्हाला असा ठसका लागला की मी पाणी आणायला धावलो. "म्हंजी रोज सकाळी भाऊसायबाची तब्येत बघाया येतोस व्हय रं?" तुम्ही डोळे पुसत म्हणालात. मलाही हसू फुटलं. दीड वर्षात मी पहिल्यांदा पोटभर हसत होतो. मग तुम्ही विचारलंत, "तुला खरं काय करावं वाटतंय?" मी म्हणालो, हायस्कुलात मास्तर व्हावंसं वाटतं, पण त्यासाठी पुन्हा पुण्याला जाऊन बी.टी. करावी लागेल, आणि मिरवणूक काढल्यावर परत कॉलेजात गेलो तर गाव हसेल. "हसंना का. गावाला तेवढीच करमनूक. घागर ठिव आन् चल घरी."

जायचा दिवस उजाडला. पहाटे गुपचूप निघावं असा माझा बेत होता, पण दार उघडतो तर बैलांवर झुली आणि पुढे हलगीवाले. आई सांजोऱ्यांचं गाठोडं धरून हसत उभी. मी म्हणालो, "आबा, मी काही पास झालो नाही." तुम्ही म्हणालात, "पास झाल्यावं कुनीबी वाजवतंय. तू परत निघालायस, ह्येला लई छाती लागती." वाटेत कुणीतरी ओरडून विचारलंच, "नापास झालं का काय पोरगं?" तुम्ही गाडीतूनच, "न्हाई गा! एकदा शिकून त्याचं पोट भरलं न्हाई!" मी पुण्याच्या मोटारीत बसलो, पण ती कोळशाच्या गॅसवर चालणारी, क्लीनर भट्टीला वारा घालून घालून घामाघूम, तरी ती सुरू होईना. म्हणून अर्धा तास हलगी वाजत राहिली आणि तुम्ही पटका सावरत रस्त्यात नाचत राहिलात. उतारूही खिडक्यांतून टाळ्या वाजवत होते. तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आज मात्र तो अर्धा तास मला परत हवा आहे. बाकी आयुष्यात मागण्यासारखं फारसं उरलेलं नाही, कारण बी.टी. झाली, हायस्कूल मिळालं, आणि पोरांना शिकवण्यात माझे दिवस अगदी मजेत गेले. ते सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

एक तेवढं पाहिलं नाहीत. मोटारीत माझ्या शेजारी कोटटोपीवाले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी तुमच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ते नाचताहेत ते कोण तुमचे?" आबा, मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला असतात." हलगी जोरात होती, तुम्हाला ऐकू गेलं नसणार. गेलं असतं तरी तुम्ही हसला असतात, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तुम्ही होतात तोवर मला ते सांगवलं नाही.