रेकॉर्ड प्लेअर बसवताना

बाबा,

आज तुमचा रेकॉर्ड प्लेअर नीट बसवला. तुम्ही गेल्यावर आचोळ्याची खोली विकून आम्ही फुलपाड्यात आलो, तेव्हापासून तो कपाटावर पडून होता. इथल्या हॉलच्या फरशीला बाल्कनीकडे उतार आहे. म्हणून आधी टेबलाच्या दोन पायांखाली लाकडी पट्ट्या घातल्या, मग प्लेअरचे पाय फिरवत बसले. तुमची पाणसळ प्लेअरच्या फिरत्या थाळीवर आडवी ठेवली, उभी ठेवली, मग टोकं बदलून पुन्हा बुडबुडा पाहिला. दीड तास गेला.

टोकं बदलायला तुम्हीच शिकवलंत. सातिवलीच्या कारखान्यात तुम्ही लेथवर होतात, आणि मशीन समपातळीत बसवायची ती पाणसळ रविवारी घरी यायची. "आधी टेबल, मग प्लेअर. आणि पाणसळच चुकतेय का, ते उलटी करून बघायचं." कॉलेजात असताना एकदा मी कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली, तर तुम्ही ती काढून पाहुण्यांसमोर माझ्या हातात दिलीत. "हा आज दबेल, उद्या अजून दबेल. रोज नवा घालणार आहेस का?" तो राग माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. प्लेअरला हात लावणंच मी सोडून दिलं.

पुढे तुमचे हात थरथरायला लागले. सुई ठेवायलासुद्धा आईला हाक मारावी लागे. एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते, आणि तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "जरा बघतेस का? सुई आत ओढली जातेय." खांद्यावरची बॅग न उतरवता मी लाइट बिलाची घडी करून प्लेअरखाली सारली, थाळीवर पाणसळ ठेवली आणि म्हटलं, "झालं. बरोबर आहे आता."

"बरं," तुम्ही म्हणालात.

आज रेकॉर्डची एक बाजू वाजून संपली. मग आई म्हणाली, "त्या दिवशी तू गेलीस आणि सुई दोनदा घसरली. त्यांनी बंद करायला लावलं. नंतर कधी लाव म्हणाले नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तेच नको म्हणाले. तिला घाई होती, राहू दे, म्हणाले."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. घाई होती, हे खरं आहे. पण बुडबुडा एका कडेला गेलेला मला दिसला होता, बाबा. तुम्हाला तेवढ्या लांबून दिसणार नाही, असं मला वाटलं.