लाल रंग खरवडलेला हापसा

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि पत्र लिहायचं मला आत्ता सुचतंय, तेही सगळं अंगाशी आल्यावर. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गरज पडली की आठवतो व्हय मास्तर?" हाव सर, गरज पडली. लातूरच्या कॉलेजात मी आता रसायनशास्त्र शिकवते, केस पिकलेत, पोरं मला घाबरतात, आणि तरी सकाळपासून मी मनानं तुमच्या नांदेडच्या स्वयंपाकघरातच उभी आहे. काकू मुरमुऱ्यांचा सुशीला परतताहेत, तुम्ही ओट्याला टेकून माझ्या प्रबंधाचा मसुदा वाचताय आणि मी मान खाली घालून शेंगदाणे निवडतेय. हिमायतनगरकडच्या ज्या गावातलं पाणी आपण तपासलं होतं, त्याचं नाव मी मसुद्यात लिहिलं होतं. तुम्ही ते खोडलं आणि वर लिहिलं, 'गाव क्रमांक सात'. मी म्हटलं, सर, खरं तेच लिहिलंय की. तुम्ही चिडलात. "पाणी खराब हाय, गाव न्हाई. नाव छापलं की लोक पाणी विसरतात आन् गाव तेवढं ध्यानात ठेवतात." मला ते फार जुनाट वाटलं होतं.

तुमची रीतच जगावेगळी. पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं की निकाल आधी गावात वाचायचा, एकदा मारुतीच्या पारावर आणि एकदा विहाराच्या ओट्यावर, कारण एकीकडे वाचलं तर दुसरीकडचे येत नाहीत. मग गावाला विचारून तो हापसा लाल रंगवायचा, म्हणजे धुण्याभांड्याला चालेल, पिऊ नका. आणि हे सगळं झाल्यावर निबंध छापायला. एसटीत तो रंगाचा डबा मांडीवर धरून मी बसायची आणि उतरेपर्यंत साडीला डाग पडलेला असायचा. तुमच्यानंतर त्या गाव क्रमांक सातमध्येच शाळेमागचा हापसा मी तपासला. तो सगळ्यांत वाईट निघाला. तुमच्यासारखंच दोन्हीकडे वाचलं, लाल रंगवला, आणि चार वर्षं कुणी त्याचं पाणी प्यायलं नाही. बायका लांबच्या विहिरीवर जायच्या, पण जायच्या.

गावाला नळ मात्र येईना. माझा निबंध छापून आला, तो तपासणाऱ्या दोघांनी वाचला असेल, तिसरा वाचक मला अजून भेटलेला नाही. मागच्या वर्षी कॉलेजात कार्यशाळा झाली, संशोधकांनी सोशल मीडिया कसा वापरावा यावर. पुण्याहून आलेला तरुण तज्ज्ञ मोठा हुशार होता. म्हणाला, आकडे नकोत, माणसाचा चेहरा दाखवा, गावाचं नाव घ्या, दीड मिनिटात संपवा. मला सगळं पटलं. अजूनही त्यातलं बरंचसं पटतं, हीच तर पंचाईत आहे. मी तिथे जाऊन व्हिडिओ केला. आधी लाल हापसा, मग गावाचं नाव, मग हापशाजवळ राहणारी, बी. ए.ला शिकणारी एक मुलगी आणि त्या पाण्यानं तपकिरी झालेले तिचे दात. तिनं हो म्हटलं होतं. गावाला मात्र मी विचारलं नाही. पारावर नाही की विहारात नाही, थेट फोनवर.

पाहणाऱ्यांचा आकडा चढत गेला. प्राचार्यांनी शाल दिली, सहकाऱ्यांनी पेढे मागितले, आणि खोटं कशाला बोलू, मी दर तासाला फोन उघडून आकडा बघत होते. मग कुणीतरी माझा आवाज काढून स्वतःचा घातला, "या गावात सोयरीक करू नका." देगलूर-उदगीरपर्यंत नात्यागोत्याच्या सगळ्या ग्रुपांवर ते फिरलं. मुलीच्या आईचा फोन आला. "म्याडम, तुमी चांगल्यासाठीच केलं, आमाला कळतंय. पन ठरलेलं मोडलं ना वो. पाव्हणे म्हनले, पोरीचे दात असे, उद्या लेकरंबी वाकडी व्हतील." मी तासाभरात व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी चांगला लांबलचक खुलासा लिहिला, सगळ्या संदर्भांसकट. तो तुम्हाला आवडला असता. वाचला कुणीच नाही.

मागच्या आठवड्यात गेले होते. शाळेमागच्या हापशावर लाल रंगाचा ठिपका उरलेला नाही. विळ्यानं खरवडून काढलाय, खालचं लोखंड चकचकतंय. मुलीची आई दारातूनच म्हणाली, "पाव्हणे आले की आदी त्येच्याकडंच बघून राहिले. गावातल्या सगळ्याच पोरींचं अडलं, मग काढून टाकला." तेवढ्यात एक बाई घागर भरून निघाली आणि तिच्यामागची लहान पोर धारेला ओंजळ लावून प्यायला लागली. मी ओरडले, अगं, ते पिऊ नका. बाई थांबली, पण मागे वळली नाही. "म्याडम, आता तुमी आमच्या गावाबद्दल कायबी बोलू नका." माझ्या बोलण्यानं सगळ्या जगाला कळलं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ती आता ते पाणी पितात. पुन्हा रंग घेऊन जायचं म्हटलं तर मला कोण गावात उभं करील?

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? माझ्याकडे राहिलेल्या तुमच्या जुन्या वहीत, जिथे गाव क्रमांक सात आहे, त्या पानात ठेवून देईन. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. ती मुलगी बोलताना तोंडावर ओढणी धरायची, लहानपणापासूनची सवय. दोनदा व्हिडिओ घेतला, दोन्ही वेळा ओढणी तोंडावरच. तिसऱ्यांदा मीच तिचा हात धरून खाली केला आणि म्हणाले, हस ना गं, बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. माझा मान राखायला ती हसली, सर.