तीन दरपत्रके जोडावीत

३ जून, सोमवार

आज सकाळी देवापुढे हात जोडले, चहा घेतला आणि राजीनामा लिहून टाकला. तीनच ओळी. या तंत्र महाविद्यालयात बावीस वर्षं, त्यातली नऊ कार्यशाळा प्रमुख म्हणून — वरून प्राचार्यांचा हातोडा, खाली निदेशकांची ऐरण, मधे मी! साधी कानस हवी तरी वर अर्ज. तिकडे कारखानेवाले बोलावतायत. जावं. साहित्याच्या मागण्यांच्या फायलीत कागद ठेवला, फाईल वर पाठवली नि मोकळा झालो.

५ जून

फाईल परत आली. राजीनाम्यावर प्राचार्यांचा लाल शेरा — "मागणी रास्त. तीन दरपत्रके जोडावीत."

देवा रे! न वाचताच! एकटाच हसत सुटलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी मागणी रास्त ठरली! वेल्डिंगच्या मास्तरांनी मुखवटा वर केला. "साहेब, बरं आहे ना?" कागद दाखवला. ते हसले नाहीत. "तुम्हाला निदान रास्त तरी म्हणाले," एवढंच बोलले.

घरी ही मात्र पोट धरून हसली. "मग आणा की तीन ठिकाणचे भाव! तुमच्यासारखा माणूस किती स्वस्तात पडतो, कळू दे त्यांना."

६ जून

प्रार्थनेत मधेच हसू फुटलं. देवही हसला असावा.

७ जून

खरंच दरपत्रकं गोळा करतोय! पहिलं हिचं — "माल जुना, पण गंजलेला नाही. विकलेला माल परत घेतला जाणार नाही." दुसरं लेथच्या मास्तरांचं — "तेलपाणी मागत नाही, क्वचित कुरकुरतो." पोरासारखा उड्या मारायचाच बाकी होतो.

तिसरं वेल्डिंगच्या मास्तरांकडे मागितलं. म्हणाले, "माझा कागद तुमच्याकडेच आहे, साहेब. फेब्रुवारीपासून."

८ जून

कपाट उपसलं. सापडला. "कामात मन लागत नाही. सोडून जावंसं वाटतं. दहा मिनिटं बोलायचं होतं."

खाली शेरा — "योग्य मार्गाने सादर करावे." सही माझी.

त्यांचा योग्य मार्ग म्हणजे मीच की!

१० जून

कारखान्याला ‘येत नाही’ असं कळवलं. राजीनामा फाडला. वेल्डिंगच्या मास्तरांसमोर स्टूल ओढून बसलो नि म्हटलं, "बोला."