शपथ कोणाच्या माथी

१४ मे १९९३

झालं! सारोनने शेवटी गावाला शपथ घातलीच. मतदानाच्या कामाचं शिकायला मी दोन दिवस तालुक्याला काय गेले, याने डाव साधला. माझा सख्खा धाकटा भाऊ! गावचा प्रमुख झाल्यापासून सत्तेतल्या पक्षाच्या माणसांपुढे मान डोलावण्यात पटाईत झालाय.

आमचा गावराखा देव नेक ता, त्याच्या घुमटीपुढे सगळ्यांना बसवलं. पाण्याच्या घड्यात बंदुकीची गोळी टाकली आणि एकेकाला वाटीभर पाणी पाजलं. मत पक्षालाच देईन, नाही दिलं तर माझ्या घरातलं माणूस जाईल — असं म्हणवून घेतलं. आमची आईही प्यायली.

मला आधी हसूच आलं. निवडणूक घ्यायला कंबोडियात आलेले यूएनवाले रेडिओवर घसा कोरडा करून सांगताहेत की मत गुप्त आहे. पडद्याआड कोण बघायला येतंय? आईला तेच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडदा माणसांना. नेक ताला कसला पडदा?"

१६ मे

आईने ठरवलंय — मत द्यायलाच जायचं नाही. पक्षाला द्यायचं तिच्या मनात नाही. दुसऱ्याला दिलं तर मी तरी मरणार नाहीतर सारोन. तिची चार पोरं लढाईने आणि उपासमारीने नेली, आम्ही दोघंच उरलो. तिची भीती मला कळते. पण इतक्या वर्षांनी बंदुकीशिवाय काहीतरी ठरणार, केंद्रावर मी बसणार आणि माझीच आई घरी? छे! आणणारच तिला. शिवाय आई करते तेच आमच्या आळीतल्या सगळ्या बायका करतात.

१७ मे

याव साहेबांना सांगितलं. ते घानाचे, यूएनने पाठवलेले; आमच्या भागातल्या केंद्रांवर त्यांची देखरेख. आमच्या प्राहोकच्या, आंबवलेल्या माशांच्या वासाने बाकीचे परदेशी पळतात, हे दुसऱ्यांदा वाढून घेतात. वाटलं, शपथेचं ऐकून हसतील. हसले नाहीत. त्यांच्या गावीही देवापुढे असंच शपथेने बांधतात म्हणे.

माझ्या मोडक्या इंग्रजीतलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रकं वाटून ही गाठ सुटायची नाही. तुमच्यात ही सोडवतं कोण?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. थोरले भंते!

१९ मे

भंत्यांकडे जाऊन आले. त्यांनी एकच विचारलं, कोणी राजीखुशीने प्यायलं का? कोणीच नाही, म्हटलं. मग परवा अमावास्येच्या उपोसथाला सगळ्यांना विहारात घेऊन ये, म्हणाले. काम फत्ते.

२१ मे

काय दिवस गेला! विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. भंते थोडकंच बोलले. भीती घालून घेतलेली शपथ पिणाऱ्याला बांधत नाही, ती घालणाऱ्याच्या माथी जाते. मग सगळ्यांवर पाणी शिंपडलं. परतताना लोक लग्नाहून आल्यासारखे बोलत होते. शेजारची राई मावशी तर नवं साम्पोत नेसूनच मत देणार आहे.

याव साहेबांना छातीठोकपणे सांगितलं — आमचं गाव आलंच समजा. आज माझे पाय जमिनीवर नाहीत.

२२ मे

 आज आईने पेज पुढे सरकवली आणि म्हणाली, "घालणारा कोण होता, चान्थू?"

सारोन, म्हटलं.

"गावाला सोडवलंस, चांगलं केलंस. पण सगळ्या गावाची शपथ नेऊन ठेवलीस माझ्या पोराच्या डोक्यावर. निदान माझ्या हाताने तरी त्यात भर नको."

एवढी शहाणी मी, आणि हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही! स्वतःचाच राग राग येतोय.

२३ मे

मतदान सुरू. उजाडायच्या आधीच रांग! धुतलेले सदरे, तेल लावलेले केस, काखेत पोरं. जंगलातले बंडखोर गोळीबार करणार अशी आवई उठली, तरी जागचं कोणी हललं नाही. राई मावशी खरंच नव्या साम्पोतात आली. अभिमानाने ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू?

आई आली नाही. सारोन कुंपणाबाहेर चिंचेखाली उभा होता. लोक त्याला वळसा घालून जात होते, घरात साथीचं दुखणं असलेल्याला टाळतात तसे.

२४ मे

केंद्र बंद झाल्यावर तडक सारोनच्या घरी गेले. तो भडकलेलाच होता. गावाचं मरण माझ्या डोक्यावर घातलंस, म्हणाला. मग शपथ घातलीसच कशाला, असं मी विचारलं.  तेव्हा कुठे त्याने खरं सांगितलं. तालुक्याहून पक्षाचा साहेब आला होता. बायकोपोरांची नावं घेऊन त्याने सगळ्यांत आधी सारोनलाच पाजलं होतं.

मी टुणकन उठलेच. म्हणजे हाही भीतीनेच प्यायला, भीतीनेच घातली! मग ती त्याच्या डोक्यावर राहतेच कशी? गेली त्या साहेबाकडे. साहेब कोणाला भ्याला असेल तर त्याच्याही पुढे. जाऊ दे की राजधानीपर्यंत!

"चल, आईला एवढंच सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? भ्यालो म्हणून?" सारोन म्हणाला. "ताई, आई आजवर गावभर काय सांगत आलीये माझ्याबद्दल?"

ते मलाही माहीत आहे. सात वर्षं आघाडीवर लढून आलेला, कशाला म्हणून न भिणारा तिचा सारोन. चार गेल्यावर तिने हाच एक आधार धरलाय. हे माझ्याने व्हायचं नाही, म्हणाला, आणि आत निघून गेला.

उद्या शेवटचा दिवस. येईल तो. मी त्याला लहानपणापासून ओळखते.

२५ मे

दुपार कलली तरी आईचा पत्ता नव्हता. पेटीला लावायची सीलं याव साहेबांनी काढून ठेवली होती. तेवढ्यात सारोनची सायकल आली. मागे आई, पांढरा सदरा घालून. उतरली, त्याचा दंड धरला आणि दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा सारोन भ्याला होता. त्याने स्वतः सांगितलं मला."

मग ती आत गेली. सारोन तिच्यामागे रांगेत उभा राहिला.